नुकरी घोडी, डावा डोळा: न पाडता केलेली एक शस्त्रक्रिया

वरातीच्या घोडीच्या कपाळावर मोत्यांची झालर असते. झालरीमागे काय चाललंय ते नवरदेवाला दिसत नाही, फोटोवाल्याला दिसत नाही, आणि हंगाम संपेपर्यंत घोडीवाल्यालाही बघायला सवड नसते. या घोडीच्या डाव्या डोळ्यातली गाठ वैशाखापासून भाद्रपदापर्यंत अशीच झालरीआड वाढली.

घोडी नुकरी. म्हणजे पांढरीशुभ्र केसांची, आणि केसांखालची कातडीही गुलाबी. तोंड, पापण्या, नाकपुड्या, सगळं गुलाबी. लग्नात याच रंगाला मागणी. पांढरी दिसणारी दुसरीही घोडी असते, जन्मतः काळपट किंवा राखाडी आणि वयाबरोबर पांढरी होणारी. तिची कातडी आतून काळी असते. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात. सोलापूरच्या उन्हात मात्र दोघींचं नशीब वेगळं.

मालक विजापूर वेशीपलीकडच्या एका गल्लीत राहणारे. वय सत्तरीच्या आसपास, गल्लीत सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. वडील स्टेशनवर टांगा हाकायचे. टांगे गेले, घोडी वरातीला लागली. वैशाखात डोळ्यातून पाणी यायला लागलं तेव्हा चाचांनी मेडिकलमधून थेंब आणून घातले. थेंबात स्टेरॉइड होतं, त्यामुळे आठवडाभर डोळा निवळल्यासारखा दिसला आणि पुन्हा वाहायला लागला. असं तीनदा झालं. चातुर्मास लागला, वराती थांबल्या, तेव्हा नातवानं आजोबांच्या मागे लागून मला फोन केला.

माझा दवाखाना तसा कुत्र्यामांजरांचा. घोडे महिन्यातून चारदोन, तेही पोटदुखी, खूर, जखमा. डोळ्यातली गाठ असलेलं घोडं मी त्याआधी दोनदाच पाहिलं होतं.

तबेल्यात घोडी शांत उभी होती. वय दातांवरून नऊच्या आसपास. छातीचा घेर 164 सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी 150. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11,880 हे सूत्र लावलं की वजन 340 किलो. गल्लीत वजनकाटा नसतो, आणि घोड्याच्या वजनाचा नजरेनं केलेला अंदाज बहुतेक वेळा चुकतो, माझा तर हमखास. नाडी 36, श्वास 12, ताप नाही.

डाव्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात, तिसऱ्या पापणीच्या म्हणजे नाकाकडून डोळ्यावर सरकणाऱ्या आतल्या पडद्याच्या कडेवर दीड सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद अशी गुलाबी, खडबडीत, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी वाढ. वरच्या पापणीवरून बुबुळ हलकेच आत दाबलं की घोड्याची तिसरी पापणी पुढे सरकते. तशी ती सरकली, गाठीसकट, मोकळी. बुडाशी चिकटलेली वाटली नाही. ओरखडा असेल तिथं हिरवा रंग धरवणारी पट्टी लावून पाहिलं, पारपटलावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, ओरखडा नव्हता. स्टेरॉइडचे थेंब तीनदा घालूनही पारपटल शाबूत राहिलं हे नशीबच. जबड्याखालच्या लसिकाग्रंथी सुजलेल्या हाताला लागत नव्हत्या. उजव्या डोळ्याच्या तिसऱ्या पापणीवर दोन मिलिमीटरचा गुलाबी, किंचित उंचावलेला ठिपका होता, त्याबद्दल पुढे.

माशीनं आणून सोडलेल्या जंतांच्या अळ्यांनी होणारी उन्हाळी जखम अशीच दिसू शकते. पण ती बहुतेक वेळा पिवळट दाण्यांची असते, खाजते आणि थंडीत उतरते. ही वाढ दाणेदार नव्हती, खाजत नव्हती, आणि पावसाळ्यातही वाढतच राहिली. गुलाबी पापणी, आठ-नऊ वर्षं सोलापूरचं ऊन, तिसऱ्या पापणीची कड: हा मेळ बसला की पशुवैद्याच्या मनात पहिलं नाव येतं ते स्क्वॅमस सेल कार्सिनोमाचं. घोड्याच्या डोळ्यातला हाच सर्वांत जास्त दिसणारा कर्करोग. अतिनील किरणांनी पेशीतल्या डीएनएवर जी मोडतोड होते ती ओळखून दुरुस्ती सुरू करणाऱ्या जनुकात बिघाड असला की धोका आणखी वाढतो. हाफ्लिंगर जातीच्या घोड्यांमध्ये डीडीबी2 नावाच्या अशा जनुकातला दोष अमेरिकेतल्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवला. चाचांना मी एवढंच सांगितलं, "ऊन लागून झालेली गाठ आहे. काढावी लागेल. थेंबांनी जाणार नाही, आणि ते थेंब आजपासून बंद."

चाचा बराच वेळ घोडीच्या मानेवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "काढा डॉक्टरसाब. पण एक सांगतो. खाली पाडायचं नाही. पाडलेलं जनावर उठेल का नाही, अल्लाला ठाऊक."

मालकानं भुलीबद्दल अट घालावी हे मला त्या क्षणी खटकलं. कबूल करतो.

पाडायचं की उभं ठेवायचं

माझ्याबरोबर एक तरुण सहकारी डॉक्टर आहे. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शस्त्रक्रियाशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन आलेली. तिचं मत स्पष्ट होतं. "सर, झायलाझिन-केटामिन देऊ, वीस मिनिटं मिळतील, काम दहाचं आहे. डोळ्यावर कात्री चालवताना तिनं मान झटकली तर काय करणार?"

मुद्दा बिनतोड होता. डोळ्याच्या शस्त्रक्रियेला स्थिरता लागते, आणि गुंगीतलं घोडं म्हणजे स्थिर घोडं नव्हे. गुंगी आणणारं झायलाझिन आणि भूल देणारं केटामिन, ही जोडी 1977 मध्ये अमेरिकेतल्या ओहायोतून घोड्यांसाठी रूढ झाली, आणि जगभरातल्या माळरानांवर आजही तीच चालते. झायलाझिन किलोमागे 1.1 मिलिग्रॅम, मान खाली जाईपर्यंत थांबायचं, मग केटामिन 2.2. घोडं मिनिटाभरात सावकाश बसतं आणि आडवं होतं. थांबायचं मात्र खरंच थांबायचं. मान वर असताना केटामिन दिलं तर घोडं बसत नाही, बिथरतं.

झोपवणं इतकं सोपं असेल तर चाचांची भीती कुठून आली? उठण्यातून.

भूल उतरताना कुत्रं काय करतं ते रोज दवाखान्यात दिसतं. डोळे उघडतं, जीभ आत घेतं, कण्हतं, मालकाचा वास आला की शेपूट हलवतं आणि तसंच पडून राहतं. घोडं पडून राहत नाही. लाखो वर्षं पळून जगलेलं जनावर ते, आडवं पडणं म्हणजे वाघाच्या तोंडी जाणं. अर्धवट शुद्ध आली, पाय अजून आपले नाहीत, तरी ते उठतं. चारशे किलोचं धड सुरईसारख्या बारीक पायांवर एका झटक्यात. त्यात मांडीचं किंवा नळीचं हाड मोडलं की घोड्याच्या बाबतीत पुढचं बोलायचं बाकी राहत नाही.

आडवं पडल्यावर आतही घोटाळे होतात. पोटातली आतडी पोट आणि छाती यांमधल्या पडद्याला छातीत ढकलतात, खालच्या बाजूचं फुप्फुस दबतं, रक्त तिकडे जातं पण हवा जात नाही, आणि रक्तातला प्राणवायू घसरतो. खालच्या बाजूचे स्नायू स्वतःच्याच वजनाखाली दबून त्यांचा रक्तपुरवठा तुटतो. रक्तदाब सरासरी 70 मिलिमीटरच्या खाली गेला की हा धोका फार वाढतो. मग शस्त्रक्रिया उत्तम झालेलं घोडं उठल्यावर पुठ्ठा दगडासारखा कडक करून उभं राहतं, घामानं भिजतं, आणि पाय टाकत नाही. लोखंडी कडीची मोरकी चेहऱ्याखाली राहिली तर चेहऱ्याची नस दबून ओठ वाकडा होतो. म्हणून झोपवल्यावर पहिलं काम मोरकी काढायचं आणि खालचा पुढचा पाय पुढे ओढायचा. पुस्तकात ही एक ओळ असते. प्रत्यक्षात ती विसरली जाते.

आकडेही चाचांच्याच बाजूनं उभे आहेत. ब्रिटिश संशोधकांच्या पुढाकारानं झालेल्या एका मोठ्या बहुकेंद्री अभ्यासात 41,824 घोड्यांच्या भुलींची नोंद झाली. निष्कर्ष 2002 मध्ये आले. भुलीनंतर सात दिवसांत मरण पावलेली किंवा मारावी लागलेली घोडी 1.9 टक्के. पोटशूळाची आणीबाणीची प्रकरणं वगळली तरी 0.9 टक्के, म्हणजे साधारण दर 110 घोड्यांमागे एक, आणि त्यात बहुतेक घोडी वरवर धडधाकट. मृत्यूंचा एक तृतीयांश हृदय बंद पडून किंवा रक्ताभिसरण कोसळून, आणि जवळजवळ तेवढेच हाडं मोडून व स्नायू खराब होऊन. म्हणजे भुलीत जितकी दगावली, तितकीच भुलीतून उठताना किंवा उठल्यावर. याच मालिकेतल्या चौथ्या अभ्यासाचे प्राथमिक आकडे 2021 मध्ये आले: पूर्ण भुलीत सुमारे 1 टक्का, पोटशूळ वगळता 0.6, उभ्या गुंगीत 0.2. मधल्या वीस वर्षांत औषधं बदलली, यंत्रं बदलली, आकडा खाली आला. पण माणसाच्या भुलीत असा आकडा कोणी मांडला तर रुग्णालयाला टाळं लागेल.

कुत्र्यांशी ताडून पाहायचं तर ब्रिटनमध्येच 98,036 कुत्र्यांच्या भुलींचा अभ्यास झाला, 2008 मध्ये छापून आला. मृत्यू 0.17 टक्के, निरोगी कुत्र्यांत 0.05, आजारी कुत्र्यांत 1.33. त्यातही जवळजवळ निम्मी कुत्री शस्त्रक्रिया संपल्यावर गेली, आणि बरीचशी पहिल्या तीन तासांत. टेबलावर सगळे डोळे लावून असतात. पिंजऱ्यात ठेवल्यावर प्रत्येकाला चहाची आठवण होते. तो अभ्यास वाचल्यापासून आमच्या दवाखान्यात कुत्रं मान उचलून बसेपर्यंत कंपाउंडरनं हलायचं नाही असा नियम आहे, आणि तो मोडल्यावरून भांडणंही झाली आहेत.

आकडे सांगितले की ते जपून वापरावे लागतात. सहकारी डॉक्टरनं लगेच बोट ठेवलं, आणि बरोबर ठेवलं: 0.2 आणि 1 हे आकडे शेजारी ठेवून उभी गुंगी पाचपट सुरक्षित असं म्हणता येत नाही. चिठ्ठ्या टाकून घोडी वाटलेली नव्हती. ज्यांचं काम उभ्यानं होण्यासारखं होतं तीच उभ्यानं झाली, अवघड ती झोपवली गेली. शिवाय ते आकडे ज्या रुग्णालयांतून आले त्यांतल्या बहुतेकांत भिंतींना गाद्या लावलेली, उठण्यासाठीची वेगळी खोली असते, डोक्याला आणि शेपटीला दोर बांधून उठायला आधार देतात. आमच्याकडे चाचांच्या तबेल्याची शहाबादी फरशी. मग सोलापुरातला 1 टक्का हा 1 टक्काच राहील असं मानायला काही कारण नाही. मी तिला एवढंच म्हटलं की आकड्यांतली ही खोट आपल्याला उभ्यानं करण्याकडेच ढकलते.

खरं कारण मात्र आकडा नव्हतं. बारा-तेरा वर्षांपूर्वी भीमेकाठच्या एका गावात मी तीन वर्षांच्या शिंगराचं खच्चीकरण झोपवून केलं होतं. औषधं बरोबर, काम अठरा मिनिटांत, रक्त नाही. जागा मात्र मी मालक म्हणाला ती घेतली: उसाच्या खोडव्याजवळचा उताराचा तुकडा, कारण तिथं सावली होती. मधे शिंगरू हललं म्हणून केटामिन पुन्हा दिलं. ते उतरायच्या आत झायलाझिनची गुंगी संपत आली, बघ्यांतल्या कोणाचा तरी मोबाइल वाजला, आणि शिंगरू उठलं. दोनदा पडलं. तिसऱ्यांदा मागचा उजवा पाय उताराच्या खड्ड्यात गेला. तो आवाज अजून विसरलेलो नाही. मालकानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

त्यामुळे चाचांची अट मला खटकली ती एवढ्यासाठी की ती माझ्याच मनात होती आणि मी ती आधी उच्चारली नव्हती.

तिसरा मार्गही तपासला. पुणे अडीचशे किलोमीटर. टेम्पोत उभी नेऊन, तिथं सोय असलेल्या ठिकाणी करून, परत आणायची. चाचांनी टेम्पोचं भाडं विचारून घेतलं, हिशेब केला आणि काही बोलले नाहीत. गाठ बुडाशी चिकटलेली असती, डोळा काढायची वेळ असती, तर मी हट्ट धरला असता. इथं गरज वाटली नाही.

भुलीचा बेत

शस्त्रक्रिया सकाळी साडेसहाला ठरवली. ऊन नाही, माश्या कमी, आणि शेजारचे यंत्रमाग सुरू झालेले नसतात. यावर नातू हसला. मागाची खडखड घोडी जन्मापासून ऐकते, तिला ती अंगाईसारखी. ते खरंच होतं. गुंगीतलं घोडं सततच्या आवाजानं बिचकत नाही, अचानक आलेल्या आवाजानं बिचकतं. म्हणून गल्लीच्या दोन्ही तोंडांना पोरं उभी केली, मोटरसायकलचा हॉर्न वाजू द्यायचा नाही म्हणून.

रात्रीचा कडबा नेहमीसारखा, सकाळचा खुराक बंद. घोडं ओकत नाही, ओकूच शकत नाही, त्यामुळे कुत्र्यासारखी उलटीची धास्ती नसते. पण गुंगीत आतडी मंदावतात, आणि अर्धवट शुद्धीत चघळलेला घास अन्ननळीत अडकतो. म्हणून पूर्ण जागी होईपर्यंत तोंडासमोर काही ठेवायचं नाही.

मानेच्या शिरेत 14 गेजचा कॅन्युला, म्हणजे औषध देण्याची नळी, बसवला, मानेच्या वरच्या तिसऱ्या भागात. तिथं शीर आणि खालची धमनी यांच्यामध्ये एक स्नायू असतो. खाली गेलं की दोन्ही अगदी लगत येतात. झायलाझिन चुकून धमनीत गेलं तर ते थेट मेंदूत जातं आणि घोडं सुई काढायच्या आत आचके देत कोसळतं. सुई आधी सिरिंजशिवाय टोचायची, काळपट रक्त संथ ठिबकलं तर ठीक, लाल चिळकांडी आली तर सुई काढून जागा दाबून धरायची. हे मी सहकाऱ्याला सांगत होतो, आणि ती मला ऐकवत होती की तिनं हे माझ्यापेक्षा जास्त वेळा केलंय.

झायलाझिन किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, 170 मिलिग्रॅम, म्हणजे आपल्याकडच्या 20 मिलिग्रॅमच्या बाटलीतलं साडेआठ मिलिलिटर. एक गोष्ट गावोगावच्या मित्रांसाठी इथं लिहून ठेवतो: हीच बाटली गायीला वापरताना मात्रा घोड्याच्या दहाव्या हिश्शावर येते. गायीचा हिशेब डोक्यात ठेवून घोड्याला दिलं तर काहीच होत नाही, आणि घोड्याचा हिशेब गायीला लावला तर गाय जाते. कुत्र्याला दिलं तर आधी ओकतं, मग झोपतं. औषध एक, तीन जनावरांत तीन स्वभाव.

6:40 ला झायलाझिन. तीन मिनिटांत मान खाली, खालचा ओठ लोंबला, मागचे पाय फाकले. नाडी 28, मधेच एक ठोका गाळलेला. या औषधानं असं होतंच; पहिल्यांदा ऐकणाऱ्याची मात्र पाचावर धारण बसते. 6:46 ला ब्युटोर्फेनॉल हे वेदनाशामक, किलोमागे 0.02 मिलिग्रॅम. हे झायलाझिनच्या आधी द्यायचं नाही, एकटं दिलं तर घोडं उलट अस्वस्थ होतं.

मान फार खाली गेली की डोळ्यात रक्त साठतं, नाक चोंदतं. डोकं छातीच्या उंचीवर टेकवायला हवं. परदेशी पुस्तकांत त्यासाठी गादीची खास तिवई दाखवलेली असते. आमच्याकडे चाचांच्या घरातलं लाकडी टेबल होतं आणि त्यावर आठ सोलापुरी चादरींची चवड. उंची कमी पडली तेव्हा नातवानं आणखी दोन आणल्या. घोडीनं हनुवटी त्यावर ठेवली, डोळे अर्धे मिटले.

मग बधिरीकरण. गालाच्या हाडाच्या कमानीवर, कानाच्या बाजूला 4 मिलिलिटर लिग्नोकेन. त्यानं पापणी मिटवणारा स्नायू सैल पडतो, दुखणं मात्र थांबत नाही. भुवईच्या हाडातल्या छिद्रापाशी 2 मिलिलिटर. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या कडेला 2, कारण तिसऱ्या पापणीची संवेदना तिकडच्या नसेतून येते. तिसऱ्या पापणीच्या बुडात 2. डोळ्यात प्रोपॅराकेनचे थेंब, मिनिटभराच्या अंतरानं तीनदा. पोव्हिडोन आयोडीन सलाइनमध्ये 1 ला 50 पातळ करून धुतलं; साबणवालं किंवा स्पिरिट डोळ्याजवळ आणायचंच नाही, पारपटल त्यानं भाजतं.

चुकलं कुठं

6:56 ला मी पहिला वाकडा आर्टरी फोर्सेप, म्हणजे रक्तवाहिनी दाबायचा चिमटा, तिसऱ्या पापणीच्या बुडाशी लावला आणि घोडीनं मान झटकली.

कात्री हातात नव्हती, फोर्सेप लगेच सुटला, डोळ्याला काही झालं नाही. पण दोन फूट वर गेलेलं डोकं आणि भिंतीला लागलेली सहकाऱ्याची पाठ हे चित्र सगळ्यांना घाम फोडायला पुरेसं होतं. चाचा कोपऱ्यात उभे राहून तोंडातल्या तोंडात काही म्हणत होते.

शेवटचं इंजेक्शन दिल्यापासून जेमतेम चार मिनिटं झाली होती. लिग्नोकेनला पाच ते दहा लागतात. रोज कुत्र्यांवर काम करून हात घाईचा झालेला असतो: कुत्रं पूर्ण भुलीत, बधिरीकरण जोडीला, अर्धवट लागलं तरी ते तक्रार करत नाही. उभ्या घोड्यात बधिरीकरण हाच पाया. गुंगी फक्त घोड्याला लक्ष न देण्याइतकं आळशी करते. दुखलं की ते आळस सोडतं, आणि गुंगीतल्या घोड्याची लाथ नेम धरून बसते.

बुडाशी आणखी 2 मिलिलिटर, झायलाझिन किलोमागे 0.2. आणि घड्याळ लावून आठ मिनिटं कोणी काही करायचं नाही. त्या आठ मिनिटांत सहकारी मला काही म्हणाली नाही. तिनं फक्त फोर्सेपचं टोक बाजूच्या कातडीला हलकेच लावून पाहिलं, घोडी हलली नाही, मग पापणीच्या बुडाला लावलं, हलली नाही, मग माझ्याकडे पाहून मान डोलावली. ही तपासणी मी 6:56 च्या आधी करायला हवी होती.

7:06 ला पुन्हा. दोन वाकडे फोर्सेप दोन बाजूंनी, टोकं बुडाशी एकमेकांना भिडतील असे. दोन मिनिटं दाबून ठेवले. मग फोर्सेपच्या वरच्या बाजूनं कात्री. तिसऱ्या पापणीत इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची कूर्चा असते. ती पूर्ण निघाली पाहिजे, तुकडा राहिला तर पुढे पारपटलाला घासत राहतो. फक्त गाठ कापून पापणी वाचवायचा मोह होतो, पण अर्धवट कापलेल्या गाठी परत येतात. आम्ही अख्खी पापणी काढली. रक्त चमचाभर. उरलेली कड 6-0 च्या, म्हणजे केसासारख्या बारीक, विरघळणाऱ्या धाग्यानं शिवली, धाग्याच्या गाठी आत दाबून. तिथं मोकळं सोडलं तर मागची चरबी बाहेर डोकावते. हे टाके सहकाऱ्यानं घातले. माझ्या वयात 6-0 चा धागा सकाळच्या उजेडात दिसतो म्हणणारे खोटं बोलतात.

7:31 ला काम संपलं. सूज आणि दुखणं कमी करणारं फ्लुनिक्झिन शिरेतून, धनुर्वाताची लस आधीच दिली होती; घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं दुसरं पाळीव जनावर नाही. सव्वाआठला घोडी मान वर करून नातवाचा खिसा हुंगत होती. पावणेदहाला ओलं गवत.

सहकारी रस्त्यात म्हणाली, "सर, झोपवली असती तर ती मान झटकली नसती." मी म्हटलं, "नसती." मग दोघंही थोडा वेळ गप्प. चूक झाली ती उभ्यानं करण्यात की घाई करण्यात, यावर आमचं अजून एकमत नाही.

त्याच दुपारी

एक कारवान जातीची कुत्री गर्भाशय काढायला आली होती. सडपातळ, लांब पायांची, शिकारी वळणाची. या वळणाच्या कुत्र्यांना जुन्या पद्धतीनं थायोपेंटोन हे भुलीचं औषध दिलं की ती तासन्‌तास झोपतात. मी विद्यार्थी असताना कारण एवढंच शिकवायचे की अंगावर चरबी नाही, औषधाला साठायला जागा नाही, म्हणून ते रक्तातच फिरत राहतं. ते खरं आहे, पण अर्धं. ग्रेहाउंडवर ओहायोत 1980 च्या दशकात झालेल्या कामातून दिसलं की यकृतच ते औषध सावकाश मोडतं. पुढे वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या गटानं त्यामागचं यकृतातलं विकर आणि त्याच्या जनुकातले बदलही शोधले. आपल्या कारवान आणि पश्मी कुत्र्यांचे मालक मात्र हे संशोधनाशिवाय ओळखून असतात: "डॉक्टर, आमचं कुत्रं इंजेक्शननं लै झोपतं." त्या कुत्रीला भुलीसाठी प्रोपोफॉल दिलं. पंचेचाळीस मिनिटांनी ती मालकाच्या पायावर हनुवटी ठेवून पडली होती, जागी, आणि उठायची तिला काहीही घाई नव्हती.

पुढे

गाठ दहापट फॉर्मालिनमध्ये घालून, बुडाच्या कडेला खुणेचा टाका घालून, विकृतिशास्त्र तपासणीला पाठवली. अहवाल यायला जवळजवळ तीन आठवडे लागले: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, कापलेल्या कडेत रोगट पेशी नाहीत. कडेत पेशी सापडल्या असत्या तर मायटोमायसिन या कर्करोगावरच्या औषधाचे थेंब घालायची तयारी होती; माणसांच्या डोळ्यांसाठी ते शहरात मिळतं. गरज पडली नाही.

दहा दिवस साधे प्रतिजैविक थेंब, स्टेरॉइडशिवाय. माश्यांपासून जपायला चाचांच्या सुनेनं जुनी मच्छरदाणी कापून घोडीच्या तोंडाची जाळी शिवली, कानांना वेगळी भोकं ठेवून. माझ्याकडच्या परदेशी कॅटलॉगमधल्या मुखवट्यापेक्षा ती नीट बसते. तीच आता कायमची: दिवसा उन्हात निघायचं तर जाळी, रात्री वरातीत झालर. चाचांनी विचारलं, डोळ्याभोवती सुरमा लावला तर ऊन अडेल का. मी नको म्हटलं. बोटांची घाण डोळ्यात जायची. नातवानं त्यापेक्षा चांगला उपाय काढला, दुपारची वरात घ्यायचीच नाही. त्यावर आजोबा-नातवाचं बराच वेळ वाजलं, कारण दुपारचे पैसे जास्त असतात.

सहा आठवड्यांनी डोळा स्वच्छ, कड भरलेली, पाणी थांबलेलं. तिसरी पापणी नसल्यानं धूळ थोडी जास्त जाते, म्हणून वरातीनंतर सलाइननं धुवायला सांगितलंय. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात होटगी रोडवर एका वरातीत ती मला दिसली. डीजेसमोर शांत उभी, झालर वर बांधलेली. चाचांनी लांबूनच हात केला.

उजव्या डोळ्यावरचा ठिपका अजून दोन मिलिमीटरच आहे. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेआधी मोजला, पुन्हा होळीला मोजायचा. वाढला तर तोही उभ्यानंच काढायचा असं चाचांनी आधीच सांगून ठेवलंय. सहकाऱ्यानं वहीत त्याखाली एक ओळ लिहिली आहे: इंजेक्शननंतर दहा मिनिटं, घड्याळ लावून.